चित्र सोडा, आवाज ठेवा

परवा दुकानात एक बाई मोबाइलची काच बदलायला आली होती. जुनी काच काढून, पुसून, नवी बसवेपर्यंत गिऱ्हाइकाला बोलायला काहीतरी लागतं. ती म्हणाली, "ताई, तुमचं दुकान आधी देवळाली कॅम्पात होतं ना? सीडीतले व्हिडिओ मोबाइलमध्ये भरून द्यायच्या?"

"हो."

"अगंबाई. म्हणजे त्या तुम्हीच."

एवढं बोलून ती गप्प बसली. माझ्यासमोर अर्धं बोलून गप्प बसायची सोय नाही. मी काच हातात धरली आणि म्हटलं, "त्या म्हणजे कोण, ते सांगितल्याशिवाय ही बसत नाही."

मग तिने सांगितलं. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये ती बारशाला गेली होती. बाळाची आई सायखेड्याची, फौजीची मुलगी, मीनल. वडील नाहीत. आईकडे ठेवलेल्या वडिलांच्या काळ्या पेटीत त्यांचा जुना फोन सापडला, फोन चालेना, पण त्यातलं कार्ड निघालं आणि कार्डात मीनलच्या स्वतःच्या बारशाचा व्हिडिओ निघाला. नातवाच्या बारशात आजोबा दिसतील म्हणून जावयाने तो मोठ्या पडद्यावर लावला. पडद्यावर आल्या नुसत्या रंगीत चौकोनी फरश्या. कोणाला नाक नाही, कोणाला डोळे नाहीत. लोक हसले. जावयाने व्हिडिओ थांबवला, माइक घेतला आणि म्हणाला, "कॅम्पातल्या एका दुकानवालीने वाट लावली आहे, सॉरी. मूळ सीडीसुद्धा तिनेच ठेवून घेतली."

"आवाज कसा होता?" मी विचारलं.

"आवाज कुठला? बंद होता. वर कुठलंतरी गाणं लावलं होतं."

काचेखाली बुडबुडा राहिला. माझ्या हातून बुडबुडा राहत नाही. काच फेकून दुसरी घेतली, तीही वाकडी बसली. तिसरी बसवली तेव्हा बाई म्हणाली, "जाऊ द्या ताई, पोरं बोलतात काहीही." जाऊ द्या. मला जे लोक हा शब्द सुचवतात त्यांना मी ओळखीतून काढून टाकते.

वाट लावली हे एकवेळ मी ऐकून घेतलं असतं. नाही, तेही नसतं घेतलं. पण ठेवून घेतली? माझं सगळं दुकान ज्या एका गोष्टीवर उभं राहिलं ती गोष्टच त्या पोराने माइकवरून फुंकून टाकली, आणि समोर लोक जेवत होते.

*

आमची फुलांची शेती मखमलाबादकडे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे ओल्या गोणपाटात फुलं बांधून आई बाजारात यायची आणि मी तिच्या पाठीमागे टोपलीसारखी. भाव करायला मी तिथे शिकले. आई भाव सांगताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही, पायांकडे बघायची. तोंडाने माणूस कितीही नको म्हणो, पाय वळले नसतील तर तो घेणार. पाय वळले की आई हाक मारायची, त्याआधी नाही. झेंडूचा तो उग्र, हिरवट वास माझ्या बोटांना इतका बसला होता की शाळेत मुली माझ्या शेजारी बसून शिंकायच्या. त्यांच्याशीही मी भांडले आहे.

पुढे मी कॅम्पात दुकान टाकलं. दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली फट. एका बाजूला शिंपी, आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. दुसऱ्या बाजूला बेकरी. सकाळी खारीचा तुपकट वास यायचा, दुपारी मास्तरांच्या इस्त्रीखाली ओल्या लोकरी वर्दीचा, आणि या दोघांच्या मधोमध माझ्या कॉम्प्युटरच्या तापलेल्या धुळीचा. कॉम्प्युटरच्या डब्यावर मी रोज एक झेंडूचं फूल ठेवायची. आत पंखा घुरघुरायचा, तसं ते फूल थरथरायचं.

लष्कराच्या फायरिंगचे दिवस असले की लांब माळावरून तोफांचा धप्प आवाज यायचा. आधी पायांना कळायचं, मग कानाला. शोकेसमधली मोबाइलची कव्हरं एकेक करून पुढे सरकायची, जणू तीही भाव विचारायला निघाली आहेत. नव्याने क्वार्टरमध्ये आलेली फौजीची बायको दचकायची, जुनी असेल ती बोलणं न तोडता हातानेच कव्हरं मागे ढकलायची. कोण कॅम्पात किती मुरली आहे ते मला त्यावरूनच कळायचं.

तेव्हा फोन लहान होते. पडदा काडेपेटीएवढा. पण त्यात कार्ड बसायचं आणि कार्डात व्हिडिओ बसतो हे सगळ्यांना नुकतंच कळलं होतं. नवरा पोस्टिंगवर निघाला की बायका डबे उघडायच्या. लग्नाची सीडी, डोहाळजेवणाची, पहिल्या वाढदिवसाची. कोणी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून आणायची, कोणी दूध पावडरच्या डब्यात, एक गढवालची भाभी तर देवाच्या लाल कापडात बांधून आणायची आणि गाठ मला सोडू द्यायची नाही. पुरुषांची दुकानं बाजारात होतीच, माझ्यापेक्षा मोठी. तिथे त्या जायच्या नाहीत. व्हिडिओत घरातली माणसं घरातल्या कपड्यांत असतात. कोणी केस विंचरत असते, कोणी पाळण्यापाशी पाय पसरून बसलेली असते. ते परक्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये कोण ठेवून येईल?

माझ्याकडे म्हणून यायच्या की मी बाई होते, आणि माझा नेम होता. व्हिडिओ भरलेलं कार्ड मी गिऱ्हाइकाच्याच फोनमध्ये घालायची, फोन गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायची, आणि शेवटपर्यंत चालवून बघायला लावायची. मधेच "ठीक आहे ठीक आहे" म्हणून निघालेलीला मी हाताला धरून बसवलं आहे. शेवटपर्यंत बघून झालं की तिच्या डोळ्यांसमोर माझ्या कॉम्प्युटरमधून तो व्हिडिओ काढून टाकायची. मग तिची सीडी घ्यायची, मधल्या भोकाभोवती जी पारदर्शक कडी असते तिच्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची, फुंकर मारून वाळवायची आणि तिच्या हातात ठेवायची. ठिपका म्हणजे काम झालं, सीडी मालकाकडे गेली. बिनठिपक्याची सीडी माझ्याकडे असेल, ठिपक्याची कधीच नाही. मी नखांना कधी रंग लावला नाही, पण बाटल्या संपवल्या.

काम सोपं नव्हतं, आणि आता कोणाला ते काम होतं हेही पटत नाही. सीडीतला व्हिडिओ त्या फोनला पेलायचा नाही. जसाच्या तसा घातला तर चित्र जागेवर उभं राहायचं आणि आवाज पुढे पळून जायचा. मंगलाष्टकं संपून बँड वाजायला लागला तरी नवरानवरी हार हातात घेऊन उभीच. म्हणून व्हिडिओ त्या फोनच्या मापाचा करावा लागायचा. चित्र लहान करायचं, क्षणाक्षणाला जितकी चित्रं सरकतात त्यातली काही गाळायची, आवाज थोडा पातळ करायचा. प्रत्येक फोनची ताकद वेगळी, प्रत्येक कार्डाची जागा वेगळी. मला ते पटकन जमलं, कारण ती सरळसरळ घासाघीसच होती. काय सोडता, काय ठेवता. सगळं ठेवायला कोणालाच मिळत नाही.

पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जायची, आणि ती भरेपर्यंत बायका बाकावर बसून असायच्या. कोणी मटार सोलायची, कोणी स्वेटर विणायची. हरियाणाची, तमिळनाडूची, आपल्या साताऱ्याची, सगळ्यांची नजर त्या पट्टीवर. पट्टी शेवटाला आली आणि लाइट गेली तर सगळ्यांच्या तोंडून एकाच भाषेत सुस्कारा निघायचा. मग अंधारात पुन्हा गप्पा. मास्तर शेजारून ओरडायचे, "गेली का तुमची गाडी?" लाइट आली की पट्टी पहिल्यापासून. मला त्या पट्टीचा हिरवा रंग अजून आठवतो. तसा हिरवा नंतर मी कुठे पाहिला नाही, मटारात नाही आणि शेवंतीच्या पानातही नाही.

*

मीनलचा बाप, दत्ता, त्याच बाकावर येऊन बसला होता. मी त्याला दत्ताभाऊ म्हणायची. सुट्टी संपत आली होती, आणि पोस्टिंग लांबची होती. उन्हाळा होता, बेकरीवाल्याने कूलरला नवा वाळा लावला होता आणि त्याचा गार वास भिंतीवरून माझ्याकडे फुकट येत होता. शाळकरी मीनल काउंटरवर बसून बर्फाची कांडी चोखत होती. तिचे पाय शोकेसवर आपटत होते आणि मी तिला दोनदा दटावलं होतं.

त्याने रुमालातून सीडी काढली. "भाभी, हिचं बारसं हाय यात. फोनमध्ये पायजे."

"सगळं?"

"सगळं. आत्याच्या पाठीत धपाटे बसत्यात तिथपर्यंत."

मी कार्ड पाहिलं. "एवढ्याशा कार्डात सगळं मावणार नाही. मोठं कार्ड घ्या."

"मोठं नाय घ्यायचं."

"मग अर्धं भरून देते."

"अर्धं बारसं कसं न्यायचं? नाव ठेवायच्या आधीच संपायचं. तिकडं पोरं विचारतील, पोरीचं नाव काय, तर काय सांगू, भाभीच्या दुकानात राह्यलं?"

शेजारी मास्तरांनी मशीन थांबवून हसून घेतलं. मला राग आला. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट जमिनीला चिकटवल्यासारखे उभे. हा कुठेही जाणार नव्हता आणि हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

"मग काहीतरी सोडा," मी म्हटलं.

"दाखवा काय सोडायचं ते."

मी आधी चित्र चांगलं ठेवून एक लहानसा तुकडा करून दिला. त्याने फोन कानाला लावला, जसा कोणाचा कॉल आला आहे. मान हलवली. "हा आवाज डब्यात बसल्यावानी येतोय. ही माझी आई नाय."

मग दोन्ही मध्यम ठेवून पाहिलं. त्या फोनला ते झेपलं नाही. पाळणा एका बाजूला गेला तो तिथेच राहिला. "अडकायला नको, भाभी. तिकडं अडकलं तर तुम्हाला कुठं शोधू?"

"मग दत्ताभाऊ, तुम्हीच सांगा. माझ्या बापाचं कार्ड नाही ते, ताणून मोठं करायला."

तो थोडा वेळ मीनलकडे बघत राहिला. कांडी वितळून तिच्या कोपरापर्यंत ओघळ आला होता. मग म्हणाला, "चित्र सोडा, आवाज ठेवा."

"याच फोनवर दिसेल मग. दुसरीकडे कुठे मोठं करून लावलंत तर चेहरे ओळखू येणार नाहीत. मला मागून बोलायचं नाही."

"दुसरीकडं कशाला लावू? ह्यो खिशात राहणार. आन् चेहरे तर पाठच हायेत, भाभी. आवाज जातो ध्यानातनं."

मी चित्र बारीक केलं, अगदी त्या पडद्याला पुरेल एवढंच, आणि वाचलेली सगळी जागा आवाजाला दिली. पट्टी भरली. लाइट गेली नाही. त्याने दारात उन्हाकडे पाठ करून, पडद्यावर हाताचा आडोसा धरून बारसं शेवटपर्यंत पाहिलं. मधे माळावरून धप्प झालं, कव्हरं सरकली, त्याने मान वर केली नाही. एका ठिकाणी तो स्वतःशीच हसला. मी विचारलं नाही. आपल्याच घरातल्या माणसांना बघून हसणाऱ्याला काय विचारायचं?

मी व्हिडिओ त्याच्या समोर काढून टाकला. ठिपका दिला. मीनलने हट्ट केला म्हणून फुंकर तिला मारू दिली. सीडी त्याच्या हातात ठेवली. मजुरीत तो घासाघीस करून काय ते कमी करून गेलाच, शिवाय कार्ड ठेवायची प्लास्टिकची डबी फुकट घेऊन गेला. आयुष्यात मला माझ्याच काउंटरवर हरवणारी माणसं फार थोडी. त्याच्यावर मी त्या दिवशी चिडले होते आणि दिवसभर बरी होते.

नंतर दत्ताभाऊ गेला. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. त्याची काळी पेटी घरी आली. त्याची बायको शोभा क्वार्टर सोडून सायखेड्याला निघाली तेव्हा दुकानात आली होती. काही भरून घ्यायचं नव्हतं. बाकावर नुसती बसली. कोणाचीतरी पट्टी भरत होती, तिच्याकडे बघत राहिली, पूर्ण भरली तेव्हा उठली.

मग फोन मोठे झाले. व्हिडिओ आपोआप चालायला लागले. बाक रिकामा पडला. मी कॅम्प सोडून नाशिकरोडला आले, चार्जर विकले, काचा बसवल्या, गाळा घेतला, शेजारचाही घेतला. कोणाच्या मेहरबानीने नाही.

*

ती बाई काच बसवून गेल्यावर मी शटर ओढलं आणि कॅम्पात गेले. दुकान सोडताना जुन्या बॅटऱ्यांचं एक खोकं मी मास्तरांच्या माळ्यावर टाकून आले होते. माझ्या फटीत आता केकचं दुकान आहे. काचेमागे निळे, गुलाबी केक. जिथे झेंडूचं फूल थरथरायचं तिथे एक प्लास्टिकचं मांजर हात हलवत होतं. खारीचा वास नव्हता. बेकरी गेली. व्हॅनिलाचा एक गोडमिट्ट वास होता, तो मला सहन झाला नाही.

मास्तर मात्र मशीनवर होते. चष्मा जाड झालेला. "आली का तुला आठवण? तुझं भंगार सांभाळून माझा माळा खाली आला असता."

"काढा खाली."

"रागात आहेस. कोणाशी भांडायला निघालीस?"

"सायखेड्याला. जावयाशी."

"तुझा जावई?"

"दुसऱ्याचा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "पण भांडायला बॅटरी कशाला?"

"मास्तर, माझं भांडण पुराव्याशिवाय नसतं."

त्यांनी खोकं काढून दिलं, वर धूळ झटकली ती माझ्याच अंगावर. घरी येऊन मी दत्ताभाऊच्या फोनला बसतील अशा सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावून पाहिल्या. काही फुगलेल्या, काही मेलेल्या. एक जगली.

मीनल बाळाला घेऊन माहेरीच आहे आणि जावई रविवारी येतो एवढं त्या बाईकडून मी काढून घेतलंच होतं. रविवारी मी सायखेड्याच्या बसमध्ये बसले. थंडी होती. गोदावरीच्या काठाने काळीभोर जमीन, दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा, मणी भरत आलेले. औषधाच्या फवाऱ्याचा वास काचेतून आत येत होता. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. शेजारच्या माणसाने जागा बदलली, म्हणजे बहुतेक मोठ्याने जुळवत होते.

शोभाचं घर बागेला लागून. बागेच्या कडेच्या तारेवर पाखरांना घाबरवायला जुन्या सीड्या टांगलेल्या होत्या. वाऱ्याने गरगरत होत्या, उन्हाचे कवडसे पानांवरून पळत होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे गेले.

शोभाचे केस पिकले होते, पण हसली तशीच. "भाभी? या, या. इकडं कशा काय? मीनल, पाणी आण गं."

"पाणी नंतर. तुझे जावई कुठे आहेत?"

तो पलीकडे खुर्चीत मोबाइल घेऊन बसला होता. रोहन नाव. चांगला शिकलेला, गोरागोमटा, उठून उभा राहिला. मी बसले नाही.

"मी कॅम्पातली दुकानवाली," मी म्हटलं. "वाट लावणारी. सीडी ठेवून घेणारी. आता माइक नाही, तसंच बोला."

त्याचा चेहरा उतरला. पण पोरगा पळाला नाही, हे मी मान्य करते. म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण तुम्ही व्हिडिओ एवढा लहान करून ठेवलाय की त्यात डेटाच नाही. कोणीही सांगेल. आणि मूळ सीडी घरात कुठेच नाही. दुकानवाले ठेवून घेतात, आम्हाला माहीत आहे."

"दुकानवाले ठेवत असतील. मी ठेवत नव्हते. शोभा, तू सांग."

शोभा पदराशी चाळा करत म्हणाली, "भाभी, मला नाय वाटत तुम्ही ठेवली म्हणून. पण मग गेली कुठं? हिचे बाबा तर म्हणायचे, दुकानात दिलीया."

"दिली आणि परत घेतली. ठिपका लावून. तुझ्या लेकीने फुंकर मारली होती."

मीनल बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "लाल? नेलपॉलिश?" ती बाहेर बघत होती.

मीही वळून बघितलं. पुढचं मला चालत गेल्याचं आठवत नाही. तारेपाशी जाऊन मी एकेक सीडी धरून पाहिली. बहुतेक कोऱ्या, काही गाण्यांच्या. कडेची एक हातात घेतली. वरचं लिहिलेलं सगळं उन्हाने खाऊन टाकलं होतं. चांदी सोलून निघाली होती, पापुद्रे बोटाला लागले, आरपार आभाळ दिसत होतं. आणि मधल्या कडीवर लाल ठिपका. काळपट झालेला, पण ठिपका. नेलपॉलिश चांगलं घ्यायची मी.

सुतळी तोडून ती घरात आणली आणि जावयाच्या हातात ठेवली. "घ्या. ही मी ठेवून घेतली होती. पाखरांपाशी."

शोभा खाली बसली. "मीच बांधली आसंल," ती हळूच म्हणाली. "फोनमध्ये आलं म्हटल्यावर सीडी कशाला लागतीया, आसं वाटलं. डबा भरून होत्या. पाखरं लय झालती त्या साली."

माझ्याकडे बोलण्यासारखं खूप होतं, बसमध्ये जुळवलेलं सगळंच शिल्लक होतं. पण ते ज्याच्यासाठी जुळवलं होतं तो पोरगा सीडीतून आभाळाकडे बघत होता, आणि शोभाकडे बघून ते बोलवेना. राग कुठे गेला नव्हता. त्याला उभं राहायला जागा नव्हती एवढंच.

"पेटीतला फोन आण," मी मीनलला म्हटलं. "आणि ते कार्ड."

फोन रुमालात होता. जुनी बॅटरी फुगून झाकण वर आलं होतं. ती काढली, माझी घातली, कार्ड सरकवलं. काडेपेटीएवढा पडदा उजळला तेव्हा रोहन म्हणाला, "एवढ्यावर काय दिसणार?"

"तुम्ही बोलू नका. तुम्ही आवाज बंद करणारे."

फोन शोभाच्या हातात दिला. माझा नेम तोच. गिऱ्हाइकाचाच फोन, गिऱ्हाइकाचाच हात.

आणि बारसं चालू झालं. कुठे अडकलं नाही. पाळण्याला बांधलेला झेंडू झेंडूसारखा दिसला, बायकांच्या नाकातल्या नथी दिसल्या, आत्या वाकली तिचा अंबाडा दिसला. हॉलच्या भिंतीएवढ्या पडद्यावर ज्या फरश्या झाल्या त्या इथे माणसं होऊन बसल्या होत्या. शेजारी शेजारी सगळ्यांची डोकी त्या पडद्यावर वाकली. पाळण्याचं गाणं, त्यात एक म्हातारा, जरा चिरका आवाज. "आजी," मीनल म्हणाली. कुर्रर्र झालं, धपाटे बसले, हसणं उसळलं. आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, जणू या खोलीतूनच, दत्ताभाऊचा आवाज आला. दबका, लाजल्यासारखा, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून बोललेला.

"ए शोभे, पदर घे नीट. कॅमेरा चालू हाय."

शोभाचा हात उठला. डोळे पडद्यावर, आणि हात खांद्याकडे. घसरलेला पदर तिने वर ओढला आणि बोटांनी चेपून बसवला.

मीनलने तोंडावर हात ठेवला. तिने बापाचा आवाज ऐकला होता तो शाळेत असताना, आणि आठवत नव्हता हे तिने नंतर सांगितलं.

जावईबापू म्हणाले, "ताई, याची एक कॉपी मिळेल का? म्हणजे तुम्ही नीट करून..."

"नीटच आहे ते."

"तसं नाही. आम्हाला सगळ्यांना पाठवता येईल असं."

"आवाज काढून देते. नुसता आवाज. ज्या फोनवरून बारशाचं आमंत्रण गेलं त्याच फोनवरून तो सगळ्यांना पाठवायचा. आणि खाली लिहायचं, दुकानवालीने वाट लावली नव्हती, सीडी घरातच होती."

"ताई, खाली लिहायचं जरा राहू द्या ना. मी फोन करून सांगतो एकेकाला."

"माइकवर बोललात. लिहूनच पाहिजे."

"निदान सीडीचं नको. आईंना वाईट वाटेल."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. वळले नव्हते. पण हे शेवटचं त्याने सासूसाठी मागितलं होतं, म्हणून तेवढं मी सोडलं. "सीडीचं सोडते. वाट लावली नव्हती हे राहील. आणि 'सॉरी' दोनदा."

"एकदा लिहितो."

"दोनदा. एक माझ्यासाठी, एक ज्याचा आवाज बंद केलात त्याच्यासाठी."

त्याने मोबाइल काढला आणि लिहायला लागला. काय लिहितो ते बघायला मी त्याच्या खांद्यावरून वाकले होते, म्हणून शोभाकडे माझं लक्ष नव्हतं. तिने त्या जुन्या फोनची बटणं दाबून स्वतःच पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं. पाळण्याचं गाणं झालं, कुर्रर्र झालं, धपाटे झाले, आणि पुन्हा तो आवाज आला. पुन्हा तिचा हात खांद्याकडे गेला. पदर जागेवरच होता.